पेशंटला खायला काय न्यायचं? वॉर्डातल्या पथ्यांबद्दल बोलूया

अबोली

भेटीची वेळ झाली की वॉर्डात शहाळी, मोसंबी, बिस्किटांचे पुडे आणि स्टीलचे डबे येऊ लागतात. आणणाऱ्याच्या मनात माया असते, त्याबद्दल शंकाच नाही. पण तेच शहाळं एका खाटेवरच्या माणसाला हुशारी आणतं आणि शेजारच्या खाटेवर हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, हे नातेवाइकांना कुणी नीट सांगितलेलं नसतं. मी रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. राउंडच्या घाईत जे समजावून सांगायचं राहतं ते इथे लिहिते आहे.

सगळ्यात जास्त गोंधळ 'हलकं काहीतरी द्या' या वाक्याने होतो. रुग्णालयात हलक्या आहाराच्या तीन पायऱ्या असतात. पहिली फक्त निवळ द्रवाची: गाळलेली पेज, कढणावरचं निवळ पाणी, बिनदुधाचा चहा, गाळलेला सफरचंदाचा रस. आतड्याचं ऑपरेशन झाल्यावर किंवा कोलोनोस्कोपीच्या (मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीने केलेल्या तपासणीच्या) आधी हे देतात, कारण त्याचा आतड्यात चोथा उरत नाही. यातून ताकद जवळजवळ काहीच मिळत नाही, म्हणून हा आहार फार दिवस चालवायचा नसतो. दुसरी पायरी पूर्ण द्रवाची: दूध, ताक, नाचणीचं सत्त्व, सूप, मुगाचं कढण. तिसरी मऊ आहाराची: खिमट, मऊभात, मुगाची खिचडी, शिजवून मऊ केलेला दुधी, उकडलेलं अंडं, पिकलेलं केळं. केस पेपरवर पहिली पायरी लिहिलेली असताना घरून 'हलकी' म्हणून खिचडी आली, तर सिस्टर ती परत पाठवतात. मग नातेवाईक नाराज होतात, पण टाके आतड्यावर आहेत हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आता शहाळं. एका पेल्यात साधारण ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. जुलाबाने कोरड्या पडलेल्या, पण मूत्रपिंडं धडधाकट असलेल्या माणसाला ते उपयोगीच आहे. मूत्रपिंड निकामी होत आलेल्या माणसाच्या शरीरातून मात्र पोटॅशियम बाहेर पडत नाही, रक्तात साठत जातं. रक्तातलं पोटॅशियम लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिमोलच्या दरम्यान असावं लागतं. ते ६ - ६.५ च्या वर गेलं की हृदय थांबण्याचा धोका असतो, आणि आधी काही दुखत-खुपत नाही म्हणून कळतही नाही. मोसंबी, संत्रं, केळं, टोमॅटो सूप, सुकामेवा यांचं तसंच.

म्हणून माझी विनंती एवढीच, की पथ्य सांगितलं की कारण विचारा. कोणत्या अवयवासाठी, किती प्रमाणात, आणि किती दिवस. हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. औषधाच्या गोळीबद्दल आपण विचारतोच ना?

भीमथडी

ताई, बरं झालं धागा काढला. माझ्या वडिलांची मूत्रपिंडं खराब आहेत. आधी डॉक्टरांनी डाळ, अंडी, मटण कमी करायला सांगितलं होतं. आम्ही इमानदारीने सगळं बंद केलं. आता डायलिसिस सुरू झालं तर तिथले म्हणतात रोज अंडी द्या, पनीर द्या. पाणीही मोजून. वडील म्हणतात दोघांपैकी एक डॉक्टर चुकतोय. खरं कोण?

अबोली

भीमथडी दादा, दोघंही बरोबर आहेत. वडिलांची अवस्था बदलली म्हणून आहार उलटा झाला.

प्रथिनं पचली की युरिया तयार होतो आणि तो मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा असतो. मूत्रपिंड थकलेलं असतं तेव्हा त्याचं काम कमी करायला प्रथिनं साधारण वजनाच्या किलोमागे ०.६ ते ०.८ ग्रॅमवर आणतात. डायलिसिस सुरू झालं की युरिया काढायचं काम मशिन करतं. पण त्याच वेळी रक्तातली अमिनो आम्लंही (प्रथिनांचे घटक) थोडी वाहून जातात, भूक मंदावलेली असते आणि स्नायू झिजायला लागतात. म्हणून तेव्हा किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. वडिलांचं वजन ६० किलो धरलं तर दिवसाला ६० ते ७० ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात, यावरून अंदाज करा. डायलिसिसवर गेल्यावरही जुनं पथ्य चालू ठेवलेले, अंगावरचं मांस पार उतरलेले पेशंट मी नेहमी बघते. फार वाईट वाटतं, कारण त्यांनी सांगितलेलंच पाळलेलं असतं. बदल झाल्याचं मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

पाण्याचं असं की लघवी किती होते त्यावर ते ठरतं. साधा हिशेब म्हणजे आदल्या दिवशीची लघवी मोजायची आणि त्यात साधारण ५०० मिली मिळवायचे. पण तुमच्या वडिलांचा आकडा युनिटमधूनच घ्या. त्या मापात चहा, ताक, आमटी, सार, औषधाबरोबरचं पाणी सगळं मोजायचं. सकाळी एका बाटलीत दिवसाचं पाणी भरून ठेवावं आणि आमटी प्यायली की तेवढं पाणी बाटलीतून ओतून द्यावं. तोंड कोरडं पडलं तर लिंबाची फोड चोखावी किंवा चूळ भरून टाकावी. मीठ कमी केलं की तहानही कमी होते. जास्त मीठ खाऊन पाण्यावर ताबा ठेवणं कुणालाच जमत नाही.

भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी फेकून द्यायचं, म्हणजे पोटॅशियम बरंच उतरतं. नुसत्या वाफवून उतरत नाही. बटाट्यालाही हेच. आणि उकडलेल्या भाजीचं पाणी 'जीवनसत्त्वं वाया जातात' म्हणून आमटीत घालायची आपली सवय या घरात मोडायलाच हवी.

वऱ्हाडकर

मिठाचं विचारायचं होतं. आईचं हृदय कमजोर आहे, पायावर सूज येते, मीठ बंद सांगितलंय. एका ओळखीच्याने सैंधव मीठ चालतं म्हणून सांगितलं. मेडिकलवाल्याने कमी सोडियमचं मीठ दाखवलं. कोणतं घेऊ? अळणी भाजी ती ताटात तशीच ठेवते न् उठून जाते.

अबोली

सैंधव मीठही सोडियम क्लोराइडच आहे. रंग आणि चव थोडी वेगळी, पण सूज कमी करण्यासाठी त्याचा काही उपयोग नाही.

कमी सोडियमच्या मिठाबद्दल जास्त काळजीने सांगते. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. निरोगी मूत्रपिंडाच्या, रक्तदाब असलेल्या माणसाला त्याचा फायदा होऊ शकतो. पण हृदय कमजोर असलेल्यांच्या गोळ्यांत बऱ्याचदा अशा गोळ्या असतात ज्या शरीरात पोटॅशियम धरून ठेवतात. स्पायरोनोलॅक्टोन त्यातली एक, आणि रक्तदाबाच्या रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन यासुद्धा. त्यांच्यावर हे मीठ म्हणजे पोटॅशियमची भर. आईच्या डॉक्टरांना गोळ्यांची यादी दाखवून विचारल्याशिवाय ते घरात आणू नका.

'मीठ बंद'चा अर्थ बहुतेक वेळा 'दिवसाला मोजून एवढं' असा असतो. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा कमी, मीठ सांगते. आईचं प्रमाण विचारून घ्या. समजा दिवसाला अर्धा चमचा म्हणाले, तर तो सकाळी एका वाटीत काढून ठेवा. सगळा स्वयंपाक अळणी करा आणि आईच्या ताटात वरून तेवढंच वाढा. वरून टाकलेलं मीठ जिभेला आधी लागतं, त्यामुळे कमी मिठात चव येते. लिंबू, आमसूल, जिऱ्याची फोडणी, आलं, लसूण, कढीपत्ता, भाजलेल्या तिळाची पूड सढळ हाताने वापरा.

आणि भाजीतलं मीठ मोजताना पापड, लोणचं, फरसाण, पाव, सॉस, सूपची पाकिटं विसरू नका. पापडात मिठाबरोबर पापडखार असतो, त्यातही सोडियम. ढोकळ्यातला सोडा, इनो, तेही सोडियमच. मेतकूट-भात पेशंटचा म्हणून आपण देतो, पण मेतकूट वाढताना वरून आपण जे मीठ घालतो ते यातच मोजायचं.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे दारात करमलाचं झाड असतं, बाजारात त्याला स्टारफ्रूट म्हणतात. लोणचं, सरबत करतात आणि मुलं मिठाबरोबर खातात. मूत्रपिंडाच्या पेशंटला हे फळ विषासारखं असतं असं आमच्या नेफ्रोलॉजिस्टने, म्हणजे मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी, बजावून सांगितलं. खरं आहे का की पोटॅशियममुळेच?

अबोली

अगदी खरं, आणि कारण पोटॅशियमच्या पलीकडचं आहे. त्या फळात मेंदूवर परिणाम करणारा एक घटक असतो. निरोगी मूत्रपिंड तो बाहेर टाकतं. निकामी मूत्रपिंडाच्या माणसाला त्यामुळे न थांबणारी उचकी लागते, भ्रम होतो, झटके येतात आणि मृत्यूही झालेले आहेत. शिवाय मूत्रपिंडाला इजा करणारं ऑक्झलेटही त्यात भरपूर असतं. मूत्रपिंडाच्या पेशंटने एक फोडही खायची नाही. कोकणातल्या, गोव्यातल्या सगळ्यांनी हे शेजारीपाजारी सांगावं.

असंच पपनसाचं. मूत्रपिंड किंवा यकृत बदललेल्यांना, शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून, टॅक्रोलिमस नावाची गोळी चालू असते. पपनस आणि ग्रेपफ्रूट यांच्यामुळे तिचं रक्तातलं प्रमाण वाढतं. गणपतीत पपनसाच्या फोडी घरोघर असतात, तेव्हा लक्ष ठेवा.

कोयनाकाठ

सासऱ्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. आता बरे आहेत, पण जेवताना ठसका लागतो. मी वरण पातळ करून त्यात भात कालवून भरवते, म्हणजे गिळायला सोपं जाईल. तरी पाणी पिताना खोकतातच. घरी न्यायच्या आधी सिस्टर म्हणाल्या की पाण्यात पावडर घालून घट्ट करून द्या. पाणी घट्ट कशाला? पटत नाहीये.

गिळणे_बोलणे

मी वाचा आणि गिळण्याच्या त्रासांवर उपचार करते, म्हणून मी उत्तर देते.

ताई, पातळ पदार्थ घशातून फार वेगाने उतरतात. झटक्यानंतर घशाचे स्नायू उशिरा हलतात, श्वासनलिकेचं झाकण वेळेवर बंद होत नाही, आणि पाणी फुफ्फुसाकडे जातं. त्यातून न्यूमोनिया होतो. घट्ट केलेलं पाणी सावकाश सरकतं, झाकणाला वेळ मिळतो. यासाठी जगभर वापरली जाणारी एक श्रेणी आहे, पातळ पाण्यापासून नेहमीच्या जेवणापर्यंत ० ते ७ अशा आठ पायऱ्यांची. सासऱ्यांना कोणती पायरी सांगितली ते विचारून लिहून घ्या आणि पावडर त्याच मापाने घाला. अंदाजाने घातली तर कधी पातळ राहील, कधी घशात चिकटेल.

तुमचा पातळ वरणातला भात मात्र आजच बदला. द्रव आणि कण एकत्र असलेला घास गिळायला सर्वांत अवघड असतो. वरण आधी खाली धावतं आणि शितं तोंडात राहतात. दूध-पोळी, दुधात भिजवलेली बिस्किटं, रसातली भाजी यांचंही असंच. कोरडे पोहे, चुरमुरे, भुगा होणारे लाडू हेही नकोत. त्याऐवजी वरणभात मिक्सरमधून एकजीव काढा, चमच्यावर ढीग राहील आणि चमचा वाकडा केल्यावर एकसंध सरकेल इतका. घट्ट दही, गुठळी नसलेली नाचणीची खीर, साल काढून कुस्करलेला रताळ्याचा गर चांगला.

भरवताना ते पूर्ण ताठ बसलेले हवेत, हनुवटी किंचित खाली. चमचा छोटा. एक घास पूर्ण गिळल्याशिवाय दुसरा नाही. टीव्ही बंद. कमजोर बाजूच्या गालात घास साठतो, तो तपासायचा. जेवणानंतर किमान अर्धा तास आडवं करायचं नाही. दात आणि जीभ दोन वेळा नीट स्वच्छ करा, कारण तोंडातले जंतूच फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया करतात. आणि एक लक्षात असू द्या: काहींना घास चुकीच्या वाटेने जाऊनही ठसका लागत नाही. जेवल्यावर आवाज ओलसर, घरघरता येतो का, वारंवार बारीक ताप येतो का, यावर नजर ठेवा.

कोयनाकाठ

वाचताना अंगावर काटा आला. उद्याच पायरी विचारून घेते. खूप आभार ताई.

टेम्सतीर

इंग्लंडमध्ये वॉर्डात नर्स आहे. ज्या पेशंटला जेवायला मदत लागते त्याचं जेवण आमच्याकडे लाल ट्रेमध्ये येतं. ट्रे उचलणाऱ्याला लांबूनच कळतं की हा तसाच परत न्यायचा नाही, आधी किती खाल्लं ते बघायचं. जेवणाच्या वेळेत तातडीचं नसेल तर राउंड, तपासण्या टाळायच्या असाही प्रघात आहे. मराठी आजी-आजोबा दाखल होतात तेव्हा घरच्यांना मी एकच सांगते, दुसरं काही जमलं नाही तरी जेवणाच्या वेळेला या. सॅलड आणि गार सँडविच समोर ठेवून ते नुसते बसलेले असतात, मागायचं संकोचतात.

नीलमोहर

आमच्याकडे काविळीत हळद बंद, तेल-तूप बंद, आणि दिवसभर उसाचा रस. धाकट्या भावाला ॲडमिट केलंय, आजीने हेच चालवलंय. तो वैतागलाय आणि अशक्त झालाय. ऐकवायचं कसं?

अबोली

आजींना त्यांच्याच भाषेत सांगा की डोळे पिवळे होतात ते बिलिरुबिनने, म्हणजे रक्तात साठलेल्या पिवळ्या रंगद्रव्याने, हळदीने नाही. हळद खाऊन बिलिरुबिन वाढत नाही आणि सोडून उतरत नाही.

दूषित पाण्यातून होणारी कावीळ, म्हणजे हेपॅटायटिस ए आणि ई, बहुतेक वेळा आपोआप बरी होते. यकृताला त्या काळात पुरेसं अन्न आणि विश्रांती लागते. मळमळ असते तेव्हा तेलकट नको वाटतं, म्हणून थोडं-थोडं, दर दोन-तीन तासांनी द्यायचं. भूक आली की पोळी, भात, वरण, भाजी, ताक, अंडं, साधं जेवण. मोजकं तेल-तूप चालतं. पित्तनलिकेत खडा अडकून झालेली कावीळ वेगळी, तिथे स्निग्ध पदार्थांनी दुखणं वाढतं, म्हणून कावीळ कशामुळे हे आधी विचारा. गाड्यावरचा रस आणि त्यातला बर्फ मात्र नकोच. दूषित पाण्याने आलेल्या आजारावर पुन्हा तशाच पाण्याचा धोका कशाला?

यकृत कायमचं निबर झालेल्यांना, म्हणजे सिऱ्हॉसिसच्या पेशंटना, अजूनही घरोघरी डाळी आणि अंडी बंद करतात. पूर्वी डॉक्टरही तसं सांगत, अमोनिया वाढून गुंगी येते म्हणून. आता तसं करत नाहीत. त्यांना किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, नाहीतर स्नायू वितळतात, आणि अमोनियाचा निचरा करायला स्नायूही मदत करत असतात. त्यांनी झोपण्यापूर्वी काहीतरी खायलाच हवं. एका रात्रीच्या उपाशी पोटाने त्यांच्या शरीराची जी झीज होते, तेवढी व्हायला निरोगी माणसाला दोन-तीन दिवस उपाशी राहावं लागेल. दूध-पोळी, राजगिऱ्याची वडी, काहीही. पोटात पाणी असेल तर मीठ मोजून.

शिवणकाम

सिझर झालेल्या बहिणीला तूर डाळ, भात, दही, बटाटा, वांगं काहीच देत नाहीत. टाके चिघळतात म्हणे. आणि ऑपरेशनच्या आधी अर्धा कप दुधाचा चहा घेतला म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं, त्यावर घरात केवढी चिडचिड. चहाच तर होता!

निशिगंध

मी भूलतज्ज्ञ आहे. भूल दिल्यावर गिळण्याचे, खोकण्याचे प्रतिसाद थांबतात. पोटात काही असेल तर ते वर येऊन फुफ्फुसात जातं आणि त्यातून जीव जाऊ शकतो. दूध पोटात गेल्यावर घट्ट होतं, म्हणून ते जेवणासारखंच धरतात, ६ तास आधी बंद. तळलेलं, मांसाहारी असेल तर त्याहून जास्त. साधं पाणी किंवा बिनदुधाचा चहा बहुतेकांना २ तास आधीपर्यंत चालतो, पण काहींना नाही, त्यामुळे तुम्हाला जी वेळ सांगितली तीच पाळायची. घेतलं असेल तर लपवू नका. सांगितलं तर फार तर ऑपरेशन पुढे जाईल.

टाक्यांचं म्हणाल तर जखम जंतूंमुळे चिघळते, मधुमेह ताब्यात नसेल तर जास्त. तूर डाळीने नाही. उलट जखम भरायला प्रथिनंच लागतात. आणि वरणाचं वरचं पाणी देऊन डाळ दिली असं समजू नका. प्रथिनं खाली बसलेल्या डाळीत राहतात.

अजून एक, जे फारसं कुणी सांगत नाही. दारूच्या व्यसनाने, कर्करोगाने किंवा एकटेपणाने बरेच दिवस जवळजवळ उपाशी राहिलेल्या माणसाला दाखल केल्याबरोबर 'ताकद यायला' भरपूर गोडधोड देऊ नका. शरीर एकदम साखर वापरायला लागतं, रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने खाली येतं आणि हृदय, श्वास दोन्ही धोक्यात येतात. म्हणून अशा पेशंटला आधी बी१ जीवनसत्त्व देतात आणि आहार थोड्यापासून सुरू करून रोज रक्त तपासत वाढवतात. आम्ही कंजूसपणा करतोय असं नातेवाइकांना वाटतं.

खडीसाखर

थोडं वेगळं मत मांडतो. हे सगळं वाचून लोक अजूनच घाबरतील. माझ्या काकांना रुग्णालयातलं अळणी, गार जेवण घशाखाली उतरत नव्हतं. ताट तसंच परत जायचं. शेवटी काकू घरून तिखट पिठलं-भाकरी आणू लागली आणि ते जेवायला लागले. नियम महत्त्वाचे की माणूस?

अबोली

माणूस. मी तुमच्याशी बरीचशी सहमत आहे. जे अन्न पोटात गेलंच नाही त्याचा कागदावरचा हिशेब काय कामाचा? आडवं पडून आठवडाभर अर्धपोटी राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या मांड्या बघता बघता बारीक होतात, मग उभं राहता येत नाही, पडणं होतं. हे नुकसान पथ्य मोडण्याइतकंच खरं आहे.

पण काकूंनी ते लपवून आणू नये. ताट परत गेलं की सिस्टरला सांगा, आहारतज्ज्ञांना बोलवायला सांगा. 'ते पिठल्याशिवाय जेवत नाहीत' हे मला कळलं तर मी बसवून देते. मीठ कमी करून, भाकरी मऊ करून, किंवा एखाद्या पेशंटच्या बाबतीत एखादा निर्बंध सैल करून. लपवून आलेल्या डब्याचा हिशेब इन्सुलिनच्या डोसात धरला जात नाही, मग साखर ४०० का गेली म्हणून डॉक्टर डोस वाढवतात, आणि दुसऱ्या दिवशी डबा आला नाही की साखर धाडकन खाली येते.

तुळशीवृंदावन

यावरूनच. आई इन्सुलिनवर आहे, दाखल आहे, आणि परवा एकादशी. ती काही ऐकणार नाही, आयुष्यभर मोडली नाही म्हणते. साबुदाणा खिचडी दिली तर?

अबोली

आधी सिस्टरला आणि डॉक्टरांना आजच सांगा, म्हणजे डोस बदलता येईल. नेहमीचं इन्सुलिन टोचून पोट रिकामं राहिलं, हा सगळ्यात मोठा धोका. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं तर लगेच साखर तपासायला लावा. ७० च्या खाली असेल तर शुद्धीत असताना ३ चमचे साखर पाण्यातून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही.

साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, साखर पटकन चढते. त्यापेक्षा भगर थोडी, त्यात दाण्याची आमटी, सोबत दही, एखादा पेरू. दर तीन तासांनी थोडं. गंमत अशी की हाच साबुदाणा, दाण्याचं कूट न घालता, मूत्रपिंडाच्या पेशंटला उष्मांक मिळावेत म्हणून आम्ही मुद्दाम सुचवतो, कारण त्यात पोटॅशियम आणि प्रथिनं नगण्य. त्यांना राजगिरा आणि बटाट्याचा उपास चालत नाही. आईंना श्रद्धेवरून टोकू नका. आजारी माणसाला उपासाची सूट असते हे त्यांच्या ओळखीच्या कीर्तनकारांनी सांगितलं तर त्या लवकर ऐकतील. मी हा मार्ग वापरलेला आहे आणि तो चालतो.

चाफेकळी

परळला टाटा रुग्णालयात उपचार चालू आहेत बाबांचे. केमोनंतर तोंड सोललंय, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी आहेत. खोलीवर स्वयंपाक करते. काय काळजी घेऊ?

अबोली

तिथल्या आहार विभागाला भेटलाच असाल, त्यांचा कागद आधी. माझी भर एवढी: ताजं शिजवलेलं, शक्यतो दोन तासांच्या आत खाल्लेलं. कच्ची कोशिंबीर, बाहेरच्या चटण्या, कापून ठेवलेली फळं, बाहेरचा रस नको. सोलून खायची फळं धुऊन, मग सोलून देता येतात का ते पेशींचा आकडा दाखवून विचारा, रुग्णालयागणिक नियम वेगळे असतात. पाणी उकळलेलं. तोंडासाठी आंबट, तिखट, कुरकुरीत टाळा. गार किंवा कोमट मऊभात-तूप, केळं चालत असेल तर कुस्करून, अंड्याचं मऊ कस्टर्ड, घरच्या पनीरची मिक्सरमधून काढलेली पेस्ट भातात. भूक सकाळी बरी असते, म्हणून मुख्य जेवण सकाळीच द्या. कुणी कर्करोगावर फक्त फळांचा रस किंवा साखर पूर्ण बंद असं सांगितलं तर कृपा करून ऐकू नका. वजन उतरलं की केमो झेपत नाही आणि पुढे ढकलावी लागते.

रानजाई

नळीतून जेवण देणाऱ्यांसाठी थोडं लिहाल का? सासूबाईंना नाकातून नळी आहे, घरी न्यायचंय.

अबोली

प्रत्येक वेळी देण्याआधी नाकापाशी नळीवर केलेली खूण जागेवर आहे का ते बघा. सरकली असेल, खोकला लागला असेल तर काही देऊ नका, दाखवून घ्या. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, आणि दिल्यावर पाऊण तास तशीच. साधारण २०० मिली, दर दोन-तीन तासांनी, सिरिंज दाबून नाही तर उंच धरून सावकाश. आधी आणि नंतर २० - ३० मिली पाणी, म्हणजे नळी तुंबत नाही. घरचं मिश्रण तलम फडक्यातून गाळा, पण नळीतून जावं म्हणून पाणी वाढवत नेऊ नका, पोट भरतं आणि पोषण मिळत नाही. त्यापेक्षा दूध पावडर, तेल, शिजवलेली डाळ यांचं माप आहारतज्ज्ञांकडून लिहून घ्या. गोळ्या एकेक वेगळी कुटून. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात, त्या कोणत्या ते केमिस्टला विचारा.

भीमथडी

ताई, एक शेवटचं. मावशीचं पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन वर्ष होत आलं. डिस्चार्ज कार्डावर 'तेलकट टाळा, मऊ आहार' लिहिलंय म्हणून ती अजून उकडलेलंच खाते. चालूच ठेवायचं का?

अबोली

नाही. पित्ताशय काढल्यावर काही आठवडे स्निग्ध पदार्थ जड जातात, कारण पित्त साठवायची पिशवी गेलेली असते आणि ते सतत थोडं-थोडं आतड्यात येत राहतं. बहुतेकांचं शरीर त्याला जुळवून घेतं आणि नेहमीचं जेवण चालतं. मावशींनी आठवडाभर रोजच्या फोडणीत एक चमचा तेल जास्त घालून बघावं, मग एखादी पोळी तूप लावून. जुलाब किंवा दुखणं झालं नाही तर पुढे जायचं, झालं तर सर्जनना दाखवायचं. त्यांचं वजन, हिमोग्लोबिन आणि बी१२ एकदा बघून घ्या. आणि वडिलांच्या डायलिसिसच्या फाइलमध्ये प्रत्येक आहाराच्या कागदावर तारीख टाकून ठेवा. नवा कागद मिळाला की जुन्यावर काट मारा, म्हणजे घरात कुणीही स्वयंपाक केला तरी चुकीचा कागद हातात येणार नाही.